पिंपळे सौदागर: शेताची वांटणी आणि शहराची वाढ

पुणें शहराच्या वायव्येस पवना नदीच्या कांठीं पिंपळे सौदागर नांवाचें गांव आहे. आज तेथें जाणाऱ्यास तें गांव म्हणून ओळखूं येणार नाहीं. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दींतील ती एक दाट वस्ती असून, उंच इमारतींच्या रांगांत पांढरी कोठें संपत होती व काळी कोठें सुरू होत होती हें सांगणें कठीण झालें आहे. परंतु शेतजमिनीच्या इतिहासाच्या अभ्यासकांस हें नांव निराळ्या कारणानें परिचित आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह या गांवची जमीन, तिचे मालक, पिकें, मजुरी व कर्ज यांची बारकाईनें पाहणी केली व ती १९१७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. हिंदुस्थानांतील एकेका खेड्याच्या आर्थिक स्थितीचा शास्त्रीय रीतीनें शोध घेणाऱ्या आरंभींच्या ग्रंथांत त्याची गणना होते.

शहराशेजारची शेती कां नाहींशी होते, असें विचारलें असतां ‘शहर वाढलें म्हणून’ हें उत्तर तत्काळ मिळतें. तें खोटें नाहीं; पण अपुरें आहे. शहराची वेस शेताच्या बांधाला भिडण्यापूर्वीं त्या शेताची स्थिति काय होती हें पाहिल्याखेरीज, तें शेत इतक्या सहजासहजीं कां गेलें याचा उलगडा होत नाहीं. त्या पूर्वस्थितीचा शोध पिंपळे सौदागरच्या आधारें घेणें, आणि त्यावरून पुण्याभोंवतीं अद्याप उरलेल्या शेतीविषयीं कांहीं निष्कर्ष निघतो कीं काय तें पाहणें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

१

या विषयाकडे लक्ष जाण्यास एक लहानसें निमित्त घडलें. हवेली तालुक्यांतील एका गांवचा माझा एक जुना विद्यार्थी गेल्या वर्षीं एक मोडी कागद वाचून घेण्यासाठीं मजकडे आला. कागद शके १८०१ मधील, म्हणजे इ. स. १८७९–८० चा, वांटणीचा होता. चार सख्ख्या भावांनीं चोवीस एकर जमीन वांटून घेतली होती. ती तीन ठिकाणीं होती: ओढ्याकांठची काळी, मधली हलकी जिराईत, आणि विहिरीखालचें बागाईत. भावांनीं एकेकानें एकेक ठिकाण घेतलें नाहीं. तिन्ही ठिकाणीं चार चार पट्टे पाडले. प्रत्येकास सहा एकर मिळाले खरे, पण ते तीन जागीं विखुरले. विहिरीचा मात्र तुकडा पाडला नव्हता. दर चौथ्या दिवशीं एकेकानें मोट चालवावी, आणि गाळ काढण्याचा खर्च चौघांनीं सारखा सोसावा, असें त्यांत स्पष्ट लिहिलें होतें.

पुढें या विद्यार्थ्याच्या शाखेंत आणखी दोन वांटण्या झाल्या. सहा एकरांचे दीड एकर झाले, व दीड एकराचे पंधरा गुंठे. ते पंधरा गुंठेहि सलग नाहींत. वांटेकरी वाढल्यावर विहिरीची पाळी मोडली, गाळ काढण्यास कोणी पुढें येईना, आणि विहीर निकामी झाली. आतां प्लॉट पाडून विकणाऱ्या एका मध्यस्थानें त्या पंधरा गुंठ्यांस जी किंमत देऊं केली आहे, तेवढा पैसा त्यांत जन्मभर राबूनहि त्याच्या दृष्टीस पडला नसता. ‘गुरुजी, कागद वाचा आणि सांगा, विकूं कीं ठेवूं?’ असा त्याचा प्रश्न होता. कागद वाचून दाखविणें सोपें होतें. प्रश्नाचें उत्तर तितकें सोपें नव्हतें.

२

पिंपळे सौदागर येथें जें आढळलें, तें याच कागदाचें मोठ्या प्रमाणावरील रूप होय. डॉ. मॅन यांनीं जुन्या दप्तरांतील नोंदींशीं आपल्या काळच्या नोंदी ताडून पाहिल्या. इ. स. १७७१ मध्यें, थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींत, गांवांतील एका खात्याचें सरासरी क्षेत्र ४० एकर होतें. पेशवाई बुडाली त्या १८१८ सालीं तें १७॥ एकरांवर आलें. १९१४–१५ सालीं तें ७ एकर भरलें. म्हणजे सुमारें दीडशें वर्षांत खात्याचा आकार पूर्वीच्या सहाव्या हिश्शाहून थोडाच अधिक उरला.

या आंकड्यांवरून एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. जमिनीच्या तुकड्यांचा सर्व दोष इंग्रजी अमलाच्या माथीं मारण्याचा प्रघात आपल्याकडे आहे. परंतु चाळिसांचे साडेसतरा झाले ते इंग्रजी राज्य येण्यापूर्वींच. तथापि दुसरी बाजूहि खरी आहे. दोन एकरांहून लहान असें खातें जुन्या काळीं क्वचितच सांपडे; १९१४–१५ सालीं मात्र शेंकडा ८१ खातीं दहा एकरांच्या आंत व शेंकडा ६० खातीं पांच एकरांच्या आंत आलीं होतीं.

खातें लहान होणें ही एक आपत्ति, आणि लहान खातेंहि विखुरलेलें असणें ही दुसरी. १५६ जमीनमालकांच्या मिळून सातशेंहून अधिक निरनिराळ्या तुकड्या होत्या, आणि त्यांपैकीं ४६३ तुकड्या एक एकराहूनहि लहान होत्या. अशा तुकडींत नांगर वळवावयास जागा पुरत नाहीं. बांधाखालीं जमीन जाते, दुसऱ्याच्या शेतांतून वाट मागावी लागते, विहीर खणावी तर तिचें पाणी पाजावयास पुरेसें रान स्वतःचें नसतें. याचा परिणाम कुटुंबांच्या स्थितीवर उघड दिसत होता. तपासलेल्या १०३ कुटुंबांपैकीं केवळ शेतीच्या उत्पन्नावर आपल्या राहणीच्या मानानें नीट निभावणारीं कुटुंबें अवघीं ८ निघालीं. शेतीस बाहेरच्या कामाची जोड देऊन २८ कुटुंबांचें भागत असे. उरलेल्या ६७ कुटुंबांचें कशानेंहि भागत नव्हतें.

तेव्हां शहर गांवांत येण्यापूर्वीं गांव शहराकडे कामासाठीं जाऊं लागलें होतें, आणि तें जमीन अपुरी पडत होती म्हणून. हा क्रम विसरतां कामा नये.

३

वांटणीची ही रीति मूर्खपणाची होती काय? तसें म्हणणें अन्यायाचें होईल. चार भावांनीं प्रत्येक प्रकारच्या जमिनींत चार चार पट्टे पाडले ते कोणास काळी व कोणास माळ असा पंक्तिप्रपंच होऊं नये म्हणून. शिवाय आमच्या पर्जन्यमानांत एके वर्षीं काळींतलें पीक साधतें, तर दुसरे वर्षीं पाण्यानें कुजतें. सर्वांस सर्व प्रकारची थोडी थोडी जमीन असणें हा दुष्काळाविरुद्ध एक विमाच होता. दोष न्यायबुद्धींत नव्हता; ती न्यायबुद्धि केवळ मातीचे तुकडे पाडूनच व्यक्त होत राहिली, यांत होता.

येथें धर्मशास्त्राचा थोडा विचार करणें अप्रस्तुत होणार नाहीं. महाराष्ट्रांतील दायविभागाचा मुख्य आधारग्रंथ याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या आश्रयास असलेल्या विज्ञानेश्वरानें ती रचिली. त्याच्या मतें पुत्राचें वडिलोपार्जित धनावरील स्वत्व जन्मानेंच उत्पन्न होतें. म्हणून प्रत्येक जन्माबरोबर एक वांटेकरी वाढतो. परंतु याच टीकेंत अविभाज्य वस्तूंचें प्रकरण आहे, तिकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. त्यांत उशनसाचें एक वचन घेतलें आहे. सगोत्रांमध्यें हजार पिढ्यांपर्यंतहि ज्यांची वांटणी करूं नये अशा वस्तूंत उशनसानें क्षेत्र, म्हणजे शेत, गणिलें आहे! विज्ञानेश्वरास हें वचन सरसकट मान्य करतां येईना, कारण इतर स्मृतींत क्षेत्राची वांटणी गृहीतच आहे. म्हणून त्यानें तें ब्राह्मणाच्या क्षत्रियादि स्त्रियांच्या पुत्रांविषयीं आहे असें ठरवून त्याचा व्याप संकुचित केला. टीकाकार म्हणून त्याचें करणें यथान्यायच होतें. पण शेत तोडूं नये असें मानणारा एक पक्ष आमच्या शास्त्रांत होता, एवढें यावरून निश्चित होतें.

त्याच प्रकरणांत विहिरीच्या पाण्याविषयीं जें सांगितलें आहे तें अधिक उपयोगाचें आहे. विहिरीचें पाणी तोडून किंवा किंमत करून वांटूं नये. वांटेकऱ्यांनीं तें पाळीपाळीनें भोगावें, असा तेथें निर्णय आहे. शके १८०१ च्या कागदांत चार कुणबी भावांनीं तेंच लिहून ठेविलें आहे. त्यांनीं मिताक्षरा वाचली असण्याचा संभव नाहीं. पण जी वस्तु तोडल्यानें नष्ट होते तिची मालकी वांटावी, वस्तु वांटूं नये, हें तत्त्व त्यांस उत्तम समजलें होतें. विहिरीस तें लावलें आणि शेतास लावलें नाहीं, इतकेंच. कारण विहीर तोडली असतां नष्ट होते हें तत्काळ दिसतें. शेत तोडल्यानें नष्ट होतें हें दिसावयास तीन पिढ्या लागतात.

४

हें दिसूं लागल्यावर उपाय सुचविले गेले. मुंबई कायदे कौन्सिलांत १९२७ सालीं लहान खात्यांविषयींचें बिल आलें. त्यास कडाडून विरोध करणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. त्यांनीं १९१८ सालींच या विषयावर एक निबंध लिहून असें प्रतिपादिलें होतें कीं, खातें लहान कीं मोठें हें केवळ एकरांवरून ठरत नाहीं. त्यावर किती भांडवल व किती मनुष्यबळ लागतें यावरून ठरतें. जमिनीवर माणसांचा भार अधिक व भांडवल थोडें, हा खरा रोग. आणि उद्योगधंदे वाढवून तो भार हलका करणें हा खरा उपाय. नुसता वांटणीस बंदी करणारा कायदा वांटेकऱ्यांस भूमिहीन करील, ही त्यांची हरकत होती. तें बिल पुढें बारगळलें. वीस वर्षांनीं, १९४७ सालीं, तुकडेबंदीचा व एकत्रीकरणाचा कायदा मुंबई प्रांतांत झाला. प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा पाडण्यास त्यानें मनाई केली, आणि पुढें अनेक गांवीं एकत्रीकरण होऊन सर्व्हे नंबरांच्या जागीं गट नंबर आले.

कायद्यानें तुकडा पाडणें बंद झालें, पण वांटेकऱ्यांचा जन्म बंद झाला नाहीं. प्रत्यक्षांत वांटणी होई ती तोंडीं, आणि सात-बाराच्या उताऱ्यावर नांवांची रांग लांबत जाई. माझ्या विद्यार्थ्याच्या उताऱ्यावर आज एकतीस नांवें आहेत. त्यांत बहिणींचीं व आत्यांचींहि आहेत. महाराष्ट्रांत १९९४ सालीं व सर्व देशांत २००५ सालीं कन्येस पुत्राप्रमाणेंच जन्मसिद्ध वांटा मिळाला, तो सर्वथैव न्याय्य होय. पण जेथें न्यायानें वांटेकरी वाढतात, तेथें वांटण्याची रीति जुनीच ठेवून चालत नाहीं.

५

डॉ. आंबेडकरांनीं सांगितलेला उपाय पिंपळे सौदागरच्या पंचक्रोशींत अक्षरशः घडून आला. पिंपरी येथें १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी निघाली. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें व पवनेच्या खोऱ्यांत कारखाने उभे राहिले. १९७० सालीं पिंपरी-चिंचवड नगरपालिका व १९८२ सालीं महानगरपालिका झाली. विसाव्या शतकाच्या अखेरीस जवळच हिंजवडी येथें संगणकाचा उद्योग आला. जमिनीवरचा माणसांचा भार हलका झाला. ज्या ६७ कुटुंबांचें भागत नव्हतें त्यांच्या वंशजांस कारखान्याचा पगार मिळाला असेल तर त्याबद्दल कोणीहि समंजस मनुष्य हळहळणार नाहीं.

परंतु भार हलका झाल्यावर उरलेल्यांचीं शेतें मोठीं व्हावयास हवीं होतीं, तीं झालीं नाहींत. तुकडा शेत म्हणून निरुपयोगी व घराची जागा म्हणून अतिशय मोलाचा, अशी स्थिति उत्पन्न झाली. चाळीस एकरांचा सलग मळा विकतांना माणूस कचरतो; पंधरा गुंठे विकतांना कचरण्यासारखें उरलेलेंच नसतें. शेतजमीन गुंठ्यांनीं विकण्याच्या या व्यवहारास ‘गुंठेवारी’ हा नवा शब्दच रूढ झाला, आणि २००१ सालीं तो कायद्याच्या नांवांत जाऊन बसला. तुकडेबंदीचा निर्बंधहि शहरी क्षेत्रांपुरता २०२५ सालीं सरकारनें सैल केला.

यांत एक विलक्षण गोष्ट आहे. तुकड्या एकत्र करणें शेतकऱ्यांस साधणार नाहीं, भाऊबंदकी आड येईल, असें शंभर वर्षें बोललें गेलें. पुण्याच्या पूर्वेस हडपसर येथें मगर घराण्यांतील व त्यांच्या शेजारच्या सुमारें १२० कुटुंबांनीं आपली सुमारें ४०० एकर जमीन २००० सालच्या सुमारास एकत्र केली, जमिनीच्या प्रमाणांत हिस्से घेतले, आणि स्वतःच नगर वसविलें. मालकी वांटली, माती वांटली नाहीं. विहिरीच्या पाळीचेंच तत्त्व! फरक एवढाच कीं, बांध मोडले तेव्हां त्या जमिनीवर नांगर फिरावयाचा राहिला नव्हता. जें एकत्रीकरण शेतीसाठीं घडावें म्हणून विद्वानांनीं व सरकारानें खटपट केली, तें घडलें शेती संपतांना.

आणि ज्या पाण्यास शास्त्रानें अविभाज्य ठरविलें, त्यावरूनहि कलह उत्पन्न झाला. पवना धरणाचें पाणी बंद नळानें पिंपरी-चिंचवडकडे नेण्याच्या योजनेस मावळांतील शेतकऱ्यांनीं विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजीं द्रुतगति मार्गावरील आंदोलनांत पोलिसांचा गोळीबार होऊन तिघांचे प्राण गेले. नदी एक, तिच्या वरच्या अंगास शेत व खालच्या अंगास शहर. पाळी कोणाची व किती, हें ठरविणारा कागद मात्र दोघांस मान्य होईल असा लिहिला गेला नव्हता.

६

आतां उरलेल्या शेतीविषयीं. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत जनपद वसविण्याचा विधि सांगतांना, जो कसीत नाहीं त्याजकडून शेत घेऊन कसणाऱ्यास द्यावें असें म्हटलें आहे. आणि लगेच पुढील अध्यायांत, जी भूमि नांगरास योग्य नाहीं तिचा विनियोग कुरणें, तपोवनें व अरण्यें यांकडे कसा करावा हें सांगितलें आहे. कौटिल्याचे राजदंड आज कोणास नकोत. पण भूमि पाहून विनियोग ठरवावा, ही त्याची दृष्टि जुनी झालेली नाहीं. शहरास जागा लागते हें मान्य. ती माळावर घ्यावी कीं काळीवर, हा प्रश्न आहे. माळावरचें घर काळींतल्या घराइतकेंच उबदार असतें. काळींतलें पीक माळावर येत नाहीं. आणि एकदां पायाखालीं गेलेली काळी कोणत्याहि किंमतीस परत मिळत नाहीं.

कोणती जमीन कोणत्या प्रतीची, हें ठरविण्यास नव्यानें खटाटोप करण्याचें कारण नाहीं. गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३५–३६ पासून घातलेल्या, व १८४७ च्या संयुक्त अहवालानें कायम झालेल्या पद्धतीप्रमाणें, प्रत्येक सर्व्हे नंबरांतील मातीचा रंग, खोली व दोष पाहून सोळा आण्यांपासून खालीं तिची प्रत लाविलेली आहे. ही प्रतबंदी सारा ठरविण्यासाठीं केली. ती शेत वांचविण्याच्या कामीं लावण्यास हरकत नसावी. वरच्या प्रतीचे नंबर नकाशावर रंगवून दाखविले, तर विकास-आराखड्यांतील हिरवा पट्टा कोठें असावा याचें उत्तर बरेंचसें आपोआप मिळेल.

पण नकाशावरील हिरवा रंग एकटा पुरा पडणार नाहीं. पंधरा गुंठ्यांच्या धन्यास ‘विकूं नको’ म्हणून सांगावयाचें आणि ‘जगावें कसें’ हें सांगावयाचें नाहीं, ही निष्ठुरता होईल. सहकारी कायद्याखालीं शेती-संस्था काढतां येतात. २००२ सालच्या दुरुस्तीनें उत्पादकांच्या कंपन्याहि काढतां येऊं लागल्या. एकतीस नांवें सात-बारावर राहोत. नांगर, विहीर आणि बाजारची गाडी एक असो. हडपसरास जें इमारतींसाठीं साधलें, तें भाजीच्या मळ्यासाठीं साधणारच नाहीं असें मानण्यास आधार नाहीं. मात्र तुकडा प्लॉट म्हणून विकला जाण्यापूर्वीं तें साधलें पाहिजे.

इतिहासाच्या अभ्यासकांकडेहि यांतील एक काम येतें. थॉमस कोट्स यानें इंग्रजी अमलाच्या अगदीं आरंभीं पुण्याजवळील लोणीकंदचें वर्णन लिहिलें; त्याच गांवची पाहणी डॉ. गो. स. घुर्ये यांनीं पुन्हा करून १९६० सालीं प्रसिद्ध केली. पिंपळे सौदागरचा ग्रंथ आहेच. परंतु घरोघरच्या वांटणीपत्रांचा संग्रह कोणी केलेला नाहीं. जमीन विकली गेली कीं हे कागद निरर्थक ठरतात व रद्दींत जातात. त्यांत शेतांचीं नांवें, विहिरींच्या पाळ्या, वाटांचे व पाटांचे करार आहेत. म्हणजे न तोडतां वांटण्याची जी विद्या आमच्या गांवांस अवगत होती, तिचा तोच पुरावा. वाचकांपैकीं ज्यांचीं घरें हवेली, मुळशी, मावळ या तालुक्यांत आहेत, त्यांनीं आपले कागद निदान नकलून ठेवावे, अशी विनंति आहे.

माझ्या विद्यार्थ्यास मीं ‘विक’ म्हटलें नाहीं, ‘ठेव’ असेंहि म्हटलें नाहीं. कागदाची बाळबोध नक्कल करून दिली, आणि विहिरीविषयींच्या कलमाखालीं रेघ ओढली. ती नक्कल त्यानें दिवाळींत जमलेल्या भाऊबंदांस वाचून दाखविली. मध्यस्थास अद्याप होकार गेलेला नाहीं. विहिरीचा गाळ काढण्यास काय खर्च येईल, याची मात्र चौकशी चालली आहे, असें परवां भेटीस आला तेव्हां त्यानें सांगितलें.